ग्रंथाचा उंबरठा : जिज्ञासू वाचकांसाठी सात ग्रंथांचा अल्प परिचय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत गोमंतकातील सांखवाळ गावच्या एका तरुणाच्या हाती «बालबोधमेवा» या मुलांसाठी निघणाऱ्या मराठी मासिकाचा एक अंक पडला. हा तरुण घरच्या माडांच्या बागेची देखरेख करी. शाळेतील शिक्षण बेताचेच झाले होते. त्या अंकात भगवान बुद्धाविषयी एक लहानसा लेख होता. तो वाचून पुष्कळांनी अंक बाजूला ठेवला असेल. ह्या तरुणाने तसे केले नाही. लेखात सांगितले आहे ते एवढेच की आणखी काही आहे, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला. पुढे त्या विषयावरची मिळतील ती मराठी पुस्तके त्याने वाचली, आणि मूळ ग्रंथ वाचावयाचे तर संस्कृत व पाली आलेच पाहिजे असे ठरवून १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश असा त्याचा प्रवास झाला. तोच पुढे हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनासाठी पाचारण झालेला पंडित धर्मानंद कोसंबी होय.

ही कथा आम्ही येथे सांगितली ती कोसंबींचे चरित्र लिहिण्यासाठी नव्हे. ग्रंथाच्या अल्प परिचयाचे मोल काय आणि त्याची मर्यादा काय, हे या एका उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके अन्य कशानेही होत नाही. चार पानांचा लेख मनुष्याला पंडित करीत नाही. तो त्याला उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो. आत पाऊल टाकावयाचे की तेथूनच परतावयाचे, हे वाचणाऱ्याचे काम.

आजकाल उंबरठ्यावरून परतणारेच अधिक. मोठमोठ्या ग्रंथांचे सार दोन मिनिटांत सांगणारी साधने प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीत आहेत. त्या साधनांस आम्ही नावे ठेवीत नाही. «बालबोधमेव्या»तील लेखही एका अर्थी सारच होता. परंतु सार ऐकून ग्रंथ वाचल्याचे समाधान मानणे, हा मात्र नव्या काळातील जुनाच दोष आहे. आम्ही भिक्षुकाच्या घरात वाढलो. तांबड्या वस्त्रात बांधलेल्या पोथ्या सरस्वतीपूजनाच्या दिवशी पाटावर मांडून, गंधफूल वाहून, पुन्हा तशाच बांधून ठेवल्या जातात हे पुष्कळ घरी पाहिले आहे. ग्रंथाची पूजा झाली, पण वाचन झाले नाही. आमच्या डिचोली महालात नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळात शिवछत्रपतींनी १६६८ साली केलेल्या जीर्णोद्धाराचा शिलालेख आहे. दर्शनास जाणाऱ्या शेकड्यांपैकी किती जण थांबून तो वाचतात? जे दगडावरच्या अक्षरांचे, तेच कागदावरच्या अक्षरांचे.

अधिकारी कोण?

आपल्या पूर्वाचार्यांनी शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगण्याची रीत घालून दिली आहे. तिला अनुबंधचतुष्टय म्हणतात. ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, विषयाशी ग्रंथाचा संबंध कोणता, आणि तो वाचण्याचा अधिकारी कोण, ह्या त्या चार गोष्टी. कोणत्याही पुस्तकाच्या परिचयास याहून उत्तम साचा आम्हांस ठाऊक नाही. यांपैकी पहिल्या तिहींचे उत्तर ग्रंथकार देतो. चौथीचे उत्तर मात्र वाचकाने आपल्यापुरते द्यावयाचे असते, आणि तेथेच आपली मंडळी अडखळतात.

डिचोली, साखळी, पेडणे या भागांत शाळा संपवून दुकानात, खाणीवर, शेतीत किंवा देवळाच्या सेवेत लागलेले तरुण पुष्कळ आहेत. «मोठे ग्रंथ महाविद्यालयात गेलेल्यांसाठी, आम्हांस त्यात काय कळणार?» असे त्यांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. आमचे स्वतःचे शिक्षणही माध्यमिक शाळेपुरतेच झाले असल्यामुळे या शंकेची धार आम्हांस ठाऊक आहे. तथापि ती शंका खरी नाही. अधिकार पदवीने येत नाही. तो जिज्ञासेने येतो. हे केवळ उपदेशाचे वाक्य नव्हे. मराठीतील थोर गद्यग्रंथांपैकी कित्येक, पदवी नसलेल्या माणसांनी लिहिले आहेत, आणि ज्या विद्वानांनी लिहिले त्यांतील श्रेष्ठांनी ते आपणासारख्यांसाठीच मराठीत लिहिले. पुढे दिलेल्या सात ग्रंथांची निवड आम्ही हेच दाखविण्यासाठी केली आहे. पहिले तीन ग्रंथ पदवी नसलेल्यांचे आहेत, पुढील तीन महाविद्वानांचे, आणि सातवा आपल्या गोमंतकाच्या भूमीतला.

१. धर्मानंद कोसंबी : «निवेदन»

आरंभी ज्यांचा उल्लेख केला त्या कोसंबींचे हे आत्मकथन १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. विषय एकच : ज्ञानाच्या शोधात निघालेल्या निर्धन मनुष्याची वाटचाल. काशीस अन्नछत्रात जेवून केलेले संस्कृताचे अध्ययन, ज्या नेपाळात बौद्ध धर्माचे ज्ञान मिळेल असे वाटले होते तेथे पदरी आलेली निराशा, मग सिंहलद्वीपात पालीचा अभ्यास, हे सारे त्यांनी अत्यंत साध्या भाषेत सांगितले आहे. स्वतःच्या मनाचे औदासीन्य आणि दुबळेपणाही त्यांनी लपविलेला नाही. मोठ्या पुरुषांची चरित्रे वाचताना सामान्य माणूस दबून जातो. येथे तसे होत नाही. आपल्यासारखाच एक गोंयकार चुकत, थकत, पुन्हा उठत पुढे जात आहे असे वाटते.

हा ग्रंथ प्रथम वाचावा. त्यानंतर त्यांचाच «भगवान बुद्ध» हाती घ्यावा. चमत्कारांची पुटे बाजूला सारून पाली ग्रंथांतील पुराव्यांवरून बुद्धाचा काळ, समाज आणि उपदेश कसा होता हे त्यात तपासले आहे. डिचोलीजवळ लामगाव येथे आणि हरवळे येथे डोंगरात कोरलेली लेणी आपण पाहतो. ही लेणी पाहून मनात प्रश्न उठत असतील, तर त्या वाचकास या ग्रंथाचा अधिकार आहे.

२. विष्णुभट गोडसे : «माझा प्रवास»

कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून ब्राह्मणांस भरघोस दक्षिणा मिळणार, अशी वार्ता ऐकून घरचे दारिद्र्य फिटावे म्हणून ते काकांसह १८५७ साली निघाले. वाटेत महूजवळ त्यांस शिपाई भेटले आणि लवकरच बंड होणार असे कळले. दक्षिणेसाठी निघालेला भिक्षुक इतिहासाच्या वणव्यात सापडला. १८५८ साली इंग्रज सैन्याने झांशीस वेढा दिला त्या वेळी विष्णुभट शहरात होते. राणी लक्ष्मीबाई त्यांनी स्वतः पाहिली. शहर पडल्यावर झालेली कत्तल व लूट पाहिली. मिळविलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले आणि त्या जलाने आईवडिलांस स्नान घातले. एवढीच काय ती कमाई हाती राहिली.

हा वृत्तांत त्यांनी पुष्कळ वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, आपले यजमान असलेल्या वैद्य घराण्यातील चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिला. सरकारच्या भीतीमुळे त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. १९०७ साली वैद्यांनी प्रसिद्ध केला. छापताना वैद्यांनी भाषेत फेरफार केला व काही मजकूर गाळला. पुढे १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून ग्रंथ संपादून दिला. म्हणून वाचकाने पुस्तक घेताना ते कोणत्या आवृत्तीवरून छापले आहे हे अवश्य पाहावे. ग्रंथ एकच असला तरी आवृत्ती निराळी असली की बोलणाऱ्याचा स्वर निराळा होतो, हा धडा या पुस्तकाने आम्हांस दिला.

इतिहासाच्या पुस्तकांत सेनापतींचे बोलणे ऐकू येते. येथे भाकरीच्या शोधात निघालेल्या माणसाचे ऐकू येते. ज्यास युद्धाची तिथी पाठ आहे पण त्या दिवशी गल्लीतल्या विहिरीवर काय घडले हे ठाऊक नाही, तो या ग्रंथाचा अधिकारी.

३. लक्ष्मीबाई टिळक : «स्मृतिचित्रे»

लक्ष्मीबाईंनी शाळा पाहिली नव्हती. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पती नारायण वामन टिळक हे कवी. त्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर दुभंगले. पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर व अंतःकरणातील झगड्यानंतर लक्ष्मीबाईंनीही १९०० साली तोच मार्ग धरला. या आयुष्याच्या आठवणी १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाल्या. १९३६ साली लक्ष्मीबाई निवर्तल्या, आणि शेवटचा भाग त्यांच्या पुत्राने पुरा केला.

देवळाच्या पत्रिकेत धर्मांतराच्या कथेचा परिचय कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा ग्रंथ धर्मांतराचा प्रचार करीत नाही आणि कोणाची निंदाही करीत नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे इतके विकोपास गेले होते की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाई. त्या छळाचे वर्णन लेखिकेने असे केले आहे की वाचणारा हसता हसता गंभीर होतो. सोवळ्यातील शुचिता कोठे संपते आणि माणसाचा दुरावा कोठे सुरू होतो, हा प्रश्न भिक्षुकाच्या घरातही विचारलाच पाहिजे. जे पुस्तक आपल्या घराविषयी असे प्रश्न उत्पन्न करते, ते परक्याचे मानू नये. भाषा बोलण्यातली, ओघवती; ज्यास जाड पुस्तकाची धास्ती वाटते त्याने येथून आरंभ करण्यास हरकत नाही.

४. लोकमान्य टिळक : «गीतारहस्य»

आता विद्वानांच्या दालनात येऊ. «गीतारहस्य» हा ग्रंथ न वाचता ज्याचा आधार दिला जातो, अशा ग्रंथांत अग्रेसर आहे. लोकमान्यांनी तो मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत पेन्सिलीने लिहिला, आणि सुटकेनंतर १९१५ साली तो प्रसिद्ध झाला. गीतेचे तात्पर्य संन्यासात नसून ज्ञानमूलक, भक्तिप्रधान, फलाशा सोडलेल्या कर्मात आहे, हा त्याचा सिद्धांत. शंकराचार्यांसारख्या आचार्यांच्या अर्थाशी मतभेद असताना तो आदराने, परंतु न कचरता, कसा मांडावा याचाही हा वस्तुपाठ आहे.

ग्रंथ मोठा असल्याने पुष्कळ जण पहिल्या पन्नास पानांत थांबतात. त्यांस आमची सूचना अशी : प्रथम प्रस्तावना वाचावी, मग «विषयप्रवेश» आणि त्यापुढील «कर्मजिज्ञासा» हे प्रकरण. कर्मजिज्ञासेत टिळकांनी कर्तव्याचे पेच मांडले आहेत. सत्य बोलल्याने निरपराध्याचा जीव जात असेल तर काय करावे? अहिंसा श्रेष्ठ असली तरी आततायी अंगावर आला असता काय? यासाठी ते महाभारताबरोबर शेक्सपियरच्या नाटकांतील दृष्टांतही घेतात. हे एक प्रकरण समजून वाचले की गीता ही केवळ पाठ करण्याची पोथी नसून, पेचात सापडलेल्या माणसाचा प्रश्न व त्याचे उत्तर आहे, हे ध्यानी येते. सांख्य व वेदान्ताची कठीण प्रकरणे नंतर वाचावी. प्रथम समजली नाहीत तरी ग्रंथ मिटू नये.

५. इरावती कर्वे : «युगान्त»

महाभारत आपण कीर्तनात ऐकतो, दशावतारी नाटकांत पाहतो. पण आपण ऐकतो तेच महाभारत सर्वत्र होते काय? या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली कार्य हाती घेतले. देशभरातील बाराशेंहून अधिक हस्तलिखिते जमवून, त्यांचे पाठ ताडून पाहून, विष्णू सीताराम सुखटणकर व त्यांच्या मागून आलेल्या पंडितांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९६६ साली ते कार्य पूर्ण झाले. लगेच पुढच्या वर्षी, १९६७ साली, मानववंशशास्त्राच्या विदुषी इरावती कर्वे यांनी त्या आवृत्तीच्या आधारे «युगान्त» हा निबंधसंग्रह प्रसिद्ध केला. त्यास १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, कृष्ण यांच्याकडे बाईंनी देव किंवा दैत्य म्हणून न पाहता माणसे म्हणून पाहिले आहे. भीष्माच्या त्यागाने कोणाचे भले झाले, असा प्रश्न त्या विचारतात. खांडववन जाळल्याबद्दल कृष्णार्जुनांसही जाब विचारतात. विदुर आणि धर्मराज यांच्या नात्याविषयी त्यांनी केलेला तर्क वाचून श्रद्धाळू वाचक दचकेल. दचकावे, पण पुस्तक मिटू नये. त्यांचा प्रत्येक तर्क मान्य केलाच पाहिजे असे मुळीच नाही. त्यांनी कोणत्या आधारावर काय अनुमान केले ते पाहावे, मूळ पर्व काढून पडताळावे, आणि मग आपले मत करावे. पुस्तक लहान आहे; परंतु ते वाचल्यावर कीर्तनातील कथा पूर्वीपेक्षा अधिक कान देऊन ऐकली जाते, असा आमचा अनुभव आहे.

६. जयंत नारळीकर : «आकाशाशी जडले नाते»

ज्या घरात पंचांग आहे त्या घरात हे पुस्तक असावे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरला की एक तिथी पुरी होते, हे प्रत्येक भिक्षुकाच्या मुलास ठाऊक असते. पण ते बारा अंश आकाशात कोठे दिसतात, चंद्राची गती कमीजास्त का होते, ग्रहण दर अमावास्येस का लागत नाही, हे कितीजणांनी वर मान करून पाहिले असेल? कोल्हापुरात जन्मलेले, काशी व केंब्रिज येथे शिकलेले आणि २०२५ साली पुण्यात निवर्तलेले जयंत नारळीकर हे विश्वरचनेचे जगन्मान्य संशोधक. त्यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात सूर्यमालेपासून तारे, दीर्घिका आणि अखिल विश्व येथपर्यंतचा विषय मराठी वाचकास सोपा करून सांगितला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. नारळीकरांनी फलज्योतिषाची कसोटीही घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून, त्यांतील प्रत्येकी चाळीस पत्रिका सत्तावीस ज्योतिष्यांस दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील ते ओळखण्यास सांगितले. उत्तरे शेकडा ४६ बरोबर आली. म्हणजे नाणे उडवून सांगितले असते तरी याहून फार वेगळे झाले नसते. पत्रिका पाहण्यावर ज्या घरांचा चरितार्थ काही अंशी चालतो त्यांस हे वाचणे सुखाचे नाही. आमच्याही घरास नाही. परंतु ज्या पूर्वजांनी आकाशाचे निरीक्षण करून गणित बसविले त्यांचे खरे वारस व्हावयाचे, तर अप्रिय निष्कर्ष वाचण्याचे धैर्यही वारशात घ्यावे लागेल. गणित आणि फल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा विवेक या वाचनाने आला तरी पुष्कळ झाले.

७. फादर स्टीफन्स : «क्रिस्तपुराण»

शेवटी गोमंतकाकडे वळू. सासष्टीतील केळोशी गावच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ साली श्रीकृष्णचरित्रावर मराठी ओवीबद्ध रचना केली. पणजी येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयास आज त्यांचेच नाव आहे. अशा रचनांच्या रोमी लिपीतील प्रती पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात सापडल्या, हे ऐकून मन विषण्ण होते. पुस्तके येथली, आणि ती जिवंत राहिली दूरदेशी.

त्याच सासष्टीत थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आल्यावर अनेक वर्षे राहिला. त्याने येथली भाषा आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे «क्रिस्तपुराण» रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. विषय बायबलातील कथेचा. पण छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांस पुराणश्रवणाची गोडी होती, ती भागविण्यासाठी ही रचना झाली. मूळ रोमी लिपीत असलेला हा ग्रंथ शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली देवनागरीत संपादून दिला, त्यामुळे तो आज आपणांस सुलभ आहे.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ज्या राज्यात एका पाद्र्याने मराठीत पुराण लिहिले, त्याच राज्याने सत्तर वर्षांच्या आत तेथल्या लोकांची वाणी बंद करण्याचे मनात आणले. डिचोली महाल तेव्हा त्या अमलाखाली नव्हता. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या काबिजादींबरोबर गेला. त्यामुळे येथली देवळे, येथली कीर्तने आणि येथले पोथीवाचन टिकले. आपल्या हाती मराठी पुस्तक आहे, ही गोष्ट आपोआप घडलेली नव्हे, एवढे या इतिहासावरून कळावे. ज्यास ओवीचा कान आहे आणि जो दुसऱ्याच्या श्रद्धेची कथा शांतपणे ऐकू शकतो, तो «क्रिस्तपुराणा»चा अधिकारी.

वाचावे कसे?

परिचय संपला, आता पद्धतीविषयी थोडे. उपनिषदांनी श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रस्तुत लेख हे फार तर श्रवण होय. मननासाठी पुढील चार नियम आम्ही पाळीत आलो आहोत, ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला नियम : पुस्तक उघडताच लेखकाचे नाव, प्रथम प्रकाशनाचे वर्ष आणि प्रस्तावना पाहावी. १९१५ चे पुस्तक आजच्या ज्ञानाने मोजू नये, आणि आजच्या पुस्तकास जुन्याचे वजन देऊ नये.

दुसरा : रोज दहा पाने. दिवाबत्ती झाल्यावर अर्धा तास पुरतो. या गतीने तीनशे पानांचा ग्रंथ एका महिन्यात पुरा होतो. वर्षास बारा ग्रंथ. ज्यांस वेळ नाही असे वाटते त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

तिसरा : एक वही ठेवावी. तीत सुंदर वाक्ये उतरून घेण्यापेक्षा आपणास न कळलेले आणि न पटलेले ते लिहावे. पटलेले आपोआप स्मरणात राहते. न पटलेले विसरण्याकडे मनाचा कल असतो, आणि शिकावयाचे असते ते बहुधा तेथेच.

चौथा : एकट्याने वाचावे, पण दोघांनी बोलावे. पूर्वी चातुर्मासात देवळात पुराण चाले तेव्हा एक वाची आणि दहा ऐकत. मग ओसरीवर त्यावर चर्चा होई. ती ओसरी अजून आहे. महिन्यातून एखाद्या एकादशीस चार तरुणांनी एकच पुस्तक वाचून तेथे बसावयाचे ठरविले, तर त्यास वर्गणी लागत नाही की सभापती लागत नाही. पुस्तक विकत घेणे शक्य नसल्यास ग्रंथालयातून आणावे. तेथे न मिळाल्यास मागणी नोंदवावी. जे पुस्तक कोणी मागत नाही ते कपाटातून हळूहळू नाहीसे होते.

यावर कोणी म्हणेल, एवढे वाचून मिळणार काय? नोकरी मिळणार नाही, दक्षिणाही वाढणार नाही. विष्णुभटांस तीन वर्षांच्या पायपिटीत द्रव्य राहिले नाही. परंतु त्यांनी पाहिलेले लिहून ठेवले, म्हणून झांशीच्या त्या गल्ल्या आज आपणांस दिसतात. लक्ष्मीबाईंस कोणी पंडिता म्हटले नाही, पण त्यांनी अक्षरे गिरविली नसती तर मराठी घरातील एका युगाचे सुखदुःख मुकेच राहिले असते. आणि सांखवाळच्या त्या तरुणाने मुलांच्या मासिकातील लेख वाचून अंक मिटला असता, तर पाली ग्रंथांचे दालन मराठी वाचकांस किती काळ बंद राहिले असते कोण जाणे.

वाचकहो, या सातांपैकी सातही घ्यावेत असा आमचा आग्रह नाही. एक घ्यावा. आपल्या स्वभावास जो जवळचा वाटेल तो प्रथम घ्यावा, आणि तो पुरा झाल्यावर जो सर्वांत परका वाटतो तो घ्यावा. ज्यांनी वाचला त्यांनी पुढील अंकासाठी आपले मत, मग ते आमच्याविरुद्ध का असेना, अवश्य लिहून पाठवावे. आमच्या परिचयात उणे असेल ते मूळ ग्रंथच भरून काढील. म्हणून हा लेख वाचकांनी लवकर विसरावा आणि पुस्तक उघडावे, इतकीच विनंती.